महाराजांच्या हातचा पासवर्ड

"आपले नाव गुप्त ठेवले जाईल." हे वाक्य रोहिणीनं स्वतःच्या हातानं टाइप केलं होतं. ठळक अक्षरांत, वर लाल रंग देऊन. आणि आता शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता शिवानी तिच्या टेबलावर एक कागद आपटून विचारत होती, "ताई, हे गुप्त हाय का?"

रोहिणीनं कागद उचलला. दोन्ही कडांना भोकांची पट्टी असलेला लांबट कागद. वर नोंदणी क्रमांक एक्केचाळीस. खाली शिवानीचं पूर्ण नाव, सासर नांदूरघाट, माहेर पाली, वय पंचवीस, नवरा वारून तीन वर्षं. सगळ्यात शेवटी तिनं आपल्या शब्दांत लिहिलेली ओळ होती: "मला पुन्हा संसार करायचा आहे, पण माझी मुलगी माझ्यासोबत राहील."

"सासऱ्यानं समद्या घरासमोर वाचून दाखवलं," शिवानी म्हणाली. "दीर हसत व्हता. मग सासरे म्हणले, नवरा पायजे ना तुला? मग जा. पोरगी आमची हाय, ती हितंच ऱ्हाईल. मला बाहेर काढलं आन् आतून कडी लावली. चार वर्साची हाय वो ती. मी रस्त्याला लागले तरी तिच्या हाका ऐकू येत व्हत्या." ती रडत नव्हती. रडणं बसमध्ये संपलं असावं. आता नुसता राग उरला होता.

रोहिणीच्या अंगाची लाही लाही झाली. हीच शिवानी चार महिन्यांपूर्वी नारायणगडाला दर्शनाला जाते म्हणून घरातून निघाली होती, आणि गडावर न जाता इथं, या प्लायवूडच्या आडोशाला बसून तिनं तो फॉर्म भरला होता. जाताना तीनदा विचारलं होतं, कुणाला कळणार न्हाई ना? तीनही वेळा रोहिणीनं छातीठोकपणे सांगितलं होतं, न्हाई. लाज वाटायला पाहिजे त्या छातीला!

साल दोन हजार पाच. बीडच्या बसस्टँडच्या अलीकडे रोहिणीचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथंच चार कॉम्प्युटरचं नेट कॅफे. समाजाच्या मंडळाची वधू-वर वेबसाइट तिनंच बांधली होती, आणि उगीच हौस म्हणून नव्हे. आधी मंडळ दरवर्षी पुस्तक छापायचं. पोरीचा फोटो, घराचा पत्ता, घरी फोन नसेल तर शेजारच्या किराणा दुकानाचा पीपी नंबर. ते पुस्तक जीपमध्ये सापडायचं, पानटपरीवर सापडायचं. मग कुणीही टवाळ किराणा दुकानात फोन लावायचा आणि म्हणायचा, जरा त्या पोरीला बोलवा की. रोहिणीचा फोटो त्या पुस्तकात दोन वर्षं होता. एकदा गरम भज्यांच्या पुडीला तिला आपलाच चेहरा सापडला, तेलानं आरपार झालेला. त्या दिवशी भजी गटारात गेली आणि वेबसाइट डोक्यात आली.

तिची रीत साधी होती. वेबसाइटवर येणाऱ्याला फक्त नंबर दिसायचा. नंबराखाली वय, शिक्षण, तालुका. नाव-गाव आतल्या पानांत, त्याला ती रजिस्टर म्हणायची, आणि ते पासवर्डशिवाय उघडत नसे. दोन्हीकडून होकार आला तरच रोहिणी नाव सांगायची. म्हणूनच ज्यांनी त्या छापील पुस्तकात जन्मात नाव दिलं नसतं, अशी माणसं आली. नवरा वारलेल्या, सोडून दिलेल्या, एकट्या पडलेल्या. आठ महिन्यांत बासष्ट जण.

आता पासवर्डाची कथा ऐका, म्हणजे राग कशाला म्हणतात ते कळेल.

वेबसाइटचं उद्घाटन मठात झालं. मंडप, हार, पडद्यावर मोठं चित्र. अध्यक्ष विश्वेश्वर अप्पा माइकवर म्हणाले, पयलं अक्षर महाराजांच्या हातचं पायजे. मठाच्या महाराजांनी जन्मात कीबोर्ड पाहिलेला नव्हता. रोहिणी बाजूला वाकून एकेक बटण दाखवत होती, महाराज करंगळीनं दाबत होते, आणि काय चाललंय ते लोकांना कळावं म्हणून अप्पा माइकवरून सांगत होते. "महाराज लिहितायत, हर! परत हर! आता महादेव!" अन् तीनशे माणसांनी हात वर करून जयघोष केला. पासवर्डाचा जयघोष! असं जगात कुठं झालं नसेल, ते बीडात झालं.

दुसऱ्या दिवशी रोहिणी अप्पांकडे गेली, पासवर्ड बदलते म्हणाली. अप्पांनी कानाला हात लावला. "महाराजांच्या हातचा हाय. देवाचं नाव काढून काय घालणार हाईस तिथं?" आणि रोहिणी गप्प बसली. क्लासमध्ये पोरांना शिकवायची की पासवर्ड आईलाही सांगू नये, आणि स्वतः तीनशे माणसांना ठाऊक असलेला पासवर्ड आठ महिने तसाच ठेवला. अध्यक्ष दुखावतील म्हणून. वाद नको म्हणून. आज तिला अप्पांचा जेवढा राग आला होता, त्याहून काकणभर जास्त स्वतःचा आला होता.

"बस," ती शिवानीला म्हणाली आणि कॉम्प्युटरकडे वळली. कोणतं पान कधी उघडलं याची नोंद वेबसाइट ठेवत असे. गुरुवारी संध्याकाळी पाचला कुणीतरी रजिस्टरमध्ये शिरलं होतं. बासष्ट, मग एकसष्ट, मग साठ. शेवटच्या नंबरापासून उलटं, एकेक पान उघडत ते माणूस एक्केचाळीसपर्यंत आलं होतं आणि हवं ते सापडल्यावर थांबलं होतं.

रोहिणीनं कागद उलटा केला. मागे तुरीच्या विक्रीच्या हिशेबपट्टीची अर्धवट छपाई होती. असला भोकांचा कागद आणि असली पट्टी मोंढ्यातल्या धान्यबाजारात एकाच आडतीत निघायची. विश्वेश्वर अप्पांच्या.

आणि तिला एकदम सतरा नंबर आठवला. सतरा नंबर म्हणजे ताराबाई. अप्पांची सख्खी धाकटी बहीण. चोविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हापासून पंधरा वर्षं भावाच्या घरी भाकरी थापणारी बाई. तिनं ही नोंद कशी केली असेल ते तिचं तिलाच ठाऊक. फॉर्ममध्ये शेवटच्या रकान्यात तिनं एवढंच लिहिलं होतं: "हसून बोलणारा असावा." एक्केचाळीस आणि सतरा यांच्यामध्ये फक्त तेवीस पानं उरली होती.

आधी पासवर्ड बदलायचा, मग रजिस्टरच तिथून काढायचं, असं ठरवून रोहिणीनं हात पुढे केला आणि लाईट गेली. बारा ते चारचं लोडशेडिंग. बॅटरीनं एक शिट्टी मारली आणि डोळा मिटला. "मेली का आत्ताच!" रोहिणीनं टेबलावर मूठ मारली. पलीकडच्या पेठेत लाईट होती, कॅफेही होतं. पण परक्याच्या मशीनवर बसून नवा पासवर्ड टाइप करायचा? एकदा केलेली चूक पुरे होती. तिनं शटर अर्धं ओढलं, शिवानीला आत बसायला सांगितलं आणि तशीच तणतणत मोंढ्याकडे निघाली.

अप्पा गादीवर बसले होते. कपाळाला भस्म, अंगात बनियन, हातात पुठ्ठ्याचा पंखा. "ये पोरी, शरणार्थ. लई उन्हाची आलीस. तारा, ताक आण गं!"

"अप्पा, हा कागद तुमच्याकडून गेलाय का?"

अप्पांनी चष्माही लावला नाही. "गेला की. बद्रीनाथ आलते. सुनेचे रंग बरोबर दिसंनात म्हणले, नाव हाय का बघा. बघितलं, निघालं, दिलं. त्यांच्या घरातलं त्यांना कळाया नको का?"

"तिनं नाव गुप्त ऱ्हाईल म्हणून लिवलं व्हतं. आपण तसं छापलंय."

"ते बाहेरच्यांसाठी गं. समाजाला कशाचं आलंय गुप्त? आपलं समदं एकच घर."

कोपऱ्यात मुनीम बंकट होता. त्याला वाटलं, आपलं कौतुक चाललंय. "लई येळ लागला बाई. एक पान उघडाया पाच मिनटं. खालून वर बघत आलो. बरं झालं ती एक्केचाळीसलाच घावली, न्हाईतर पार एकपर्यंत जावं लागलं असतं!"

आतून ताराबाई ताकाचा पेला घेऊन आल्या आणि दाराच्या चौकटीशीच थबकल्या. त्यांनी बंकटचं बोलणं ऐकलं होतं.

"आन् आता जायचंच हाय एकपर्यंत," अप्पा म्हणाले. "उद्या मठात बैठक हाय. चारला लाईट आली की बंकट समदं रजिस्टर छापून काढतो. मीच वाचून दाखवणार. कुणाची कोण हाय, कळूं दे. उघड्यावर जमवू, लपूनछपून कावून? माझ्या घरातलं नाव असतं ना, तर पयलं तेच वाचलं असतं. आन् मग घरात काय करायचं ते केलं असतं!"

ताराबाईंच्या हातातलं ताक पेल्याच्या काठावरून सांडलं. त्यांनी रोहिणीकडे पाहिलं. रोहिणीच्या जिभेच्या अगदी टोकावर आलं होतं. एक शब्द पुरे होता. 'सतरा' म्हटलं असतं तर हा माणूस गादीवरून खाली आला असता, पंखा हातातून गळाला असता, उद्याची बैठक, वाचन, सगळं जागच्या जागी आटोपलं असतं. आणि मग त्याच्यात आणि आपल्यात फरक तो काय राहिला असता? तिनं ताकाचा पेला घेतला आणि शब्द ताकाबरोबर गिळला.

"बरं," ती म्हणाली. "मग त्या शिवानीची लेक तेवढी परत आणून द्या. कागद तुमी दिला, लेकही तुमीच आणा."

अप्पांनी पंखा जोरात हलवला. "तो त्यांच्या घरचा मामला हाय. आपून कसं पडावं त्यात?"

"वा वा वा!" आता मात्र रोहिणीचा तोल गेला. "नाव वाचायचं असलं की समदं एक घर, आन् लेकरू आणायचं असलं की त्यांच्या घरचा मामला! सोयीचं घर हाय अप्पा तुमचं. पायजे तवा मोठं व्हतं, पायजे तवा दार लावून घेतं."

"तोंड सांभाळ, पोरी."

"आठ महिने सांभाळलं. तीच चूक झाली." पेला गादीच्या कडेवर आपटून ती निघाली.

दुकानात येऊन ती बंद कॉम्प्युटरसमोर बसली. दोघींच्या अंगावरून घाम निथळत होता, भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. साडेतीन. पावणेचार. चारला पाच कमी. मोंढ्याची लाईट आणि इथली लाईट एकाच वेळी यायची, आणि तिकडे बंकटही टपून बसला असणार. चारला नाहीच आली. सव्वाचारला डोक्यावरचा पंखा कुरकुरला आणि दोघी एकदम उठल्या.

कॉम्प्युटर सुरू व्हायला जीव घेत होता. मग नेटसाठी फोनची लाईन लावायची, तो कर्कश आवाज ऐकायचा. एकदा लाईन लागली आणि तुटली. रोहिणीनं अशी शिवी हासडली की शिवानीनं चमकून पाहिलं. दुसऱ्यांदा लागली. रोहिणीनं महाराजांच्या हातचा पासवर्ड शेवटचा टाइप केला आणि बदलला. मग बासष्टच्या बासष्ट पानं निवडली.

"ताई, समद्यांचं जाईल?" शिवानीनं विचारलं.

"समद्यांचं जाईल. ज्याला पायजे त्यो परत येईल. पण घरातनं हाकलून कुणी यायला नको." तिनं बटण दाबलं. पट्टी हळूहळू सरकत शेवटाला गेली. पाच मिनिटांनी तिनं नोंद पाहिली. कुणीतरी चार बावीसला रजिस्टर उघडायला आलं होतं. एकदा, दोनदा, सातदा. प्रत्येक वेळी त्याला दार बंद मिळालं होतं.

रविवारी मठात जागा पुरली नाही. रोहिणीला समोर उभं केलं होतं. अप्पांनी आवाज चढवला. "मंडळाचं रजिस्टर हिनं पुसून टाकलं. समाजाच्या आठ महिन्यांच्या कामावर पाणी ओतलं. कुणाच्या परवानगीनं?"

"ज्यांची नावं व्हती त्यांच्या," रोहिणी म्हणाली. "ती माणसं तुमच्याकडं आली न्हाईत, माझ्याकडंही न्हाई. एका ओळीवर भरवसा ठिवून आली. ती ओळ आपण मोडली. एका बाईला तिची चार वर्साची लेक आतून हाका मारते आन् तिला आत जाता येत न्हाई, हे आपल्यामुळं झालं. माझ्यामुळं झालं, मी पासवर्ड बदलला न्हाई म्हणून. आन् तुमच्यामुळं झालं. त्याचं काय करायचं ते आधी बोला, मग माझ्या परवानगीचं बघू."

पुढच्या ओळीत शिवानीचे सासरे बद्रीनाथ बसले होते. त्यांनी मान फिरवली आणि छताकडे पाहिलं. एवढी माणसं, आणि एकाच्याही तोंडातून शब्द नाही! उद्घाटनाला जयघोष करायला मात्र तीनशे तोंडं होती.

"ते ऱ्हाऊं दे," अप्पा म्हणाले. "तू कुणाला तरी झाकाया बघतेस. कुणाला? नाव सांग. एक नाव सांग, मी विषय सोडतो."

बायकांच्या बाजूला, खांबाजवळ, ताराबाई पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. रोहिणीनं तिकडे पाहिलं नाही. मान वळेल, नजर जाईल आणि दोन-चार जणींच्या ध्यानात येईल, एवढ्या भीतीनं ती खिळ्यासारखी सरळ उभी राहिली. "न्हाई सांगणार."

"मग ऐका समद्यांनी. वेबसाइट हिच्याकडून काढून घेतली. आन् समाजातली एक बी पोरगी हिच्या क्लासला जाणार न्हाई."

रोहिणीच्या क्लासात चौदा पोरी समाजाच्या होत्या. सोमवारी त्या चौदा खुर्च्या रिकाम्या राहिल्या. ती दिवसभर त्या खुर्च्यांकडे बघून दातओठ खात होती. रजिस्टर वाचवलं, नावं वाचवली, पण शिवानी पालीला माहेरी बसून होती आणि तिची लेक नांदूरघाटला. तिला हाक ऐकू येणार नाही इतक्या लांब. मग या सगळ्याचा उपयोग काय झाला?

मंगळवारी दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली. आधी उतरल्या ताराबाई. मग त्यांनी हात धरून एक पोरगी उतरवली. डोळे सुजलेले, हातात अर्धं केळ, फ्रॉकवर एसटीची धूळ.

रोहिणी उठून उभी राहिली. "अक्का, ही..."

"शिवानीची. सकाळच्या बसनं नांदूरघाटला गेलते." ताराबाईंनी घाम पुसला. "दारात उभी ऱ्हायले आन् म्हणले, विश्वेश्वर अप्पाची बहीण हाय, लेकराला न्यायला आले. बद्रीनाथ म्हणले, अप्पांनी धाडलं का? मी म्हणले, मग काय म्या आपली आपून आले व्हय? लेकरू बाहेर काढा. काढलं की मुकाट्यानं."

"अप्पांनी धाडलं तुमाला?"

"कशाचं धाडतोय!" ताराबाईंनी डोळे वटारले. पंधरा वर्षं त्या भावाच्या घरात खाली मान घालून वावरल्या होत्या. आज त्यांचा आवाज मोंढ्यापर्यंत जाईल असा होता. "त्यानं आमची नावं आमाला न इचारता वापरली. म्हणलं, आज मी त्याचं वापरते. बघू काय करतो ते. सांजच्याला घरी गेले की भडका उडणार हाय, उडू दे. तू त्या पोरीच्या आईला फोन लाव आधी."

रोहिणीनं पालीच्या किराणा दुकानाचा पीपी नंबर लावला. दुकानदार म्हणाला, बोलावतो. रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसता रस्त्याचा गोंगाट, मग पळत येणाऱ्या चपलांचा आवाज. रोहिणीनं रिसीव्हर पोरीच्या कानाला लावला. पोरीनं केळ टेबलावर ठेवलं, दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला आणि ओरडली, "आई, कडी काढली!"

रोहिणीनं तोंड फिरवलं. तिचा राग गेला नव्हता. तो जाणारही नव्हता. पण डोळे भरले ते भरलेच.

ताराबाई प्लायवूडच्या आडोशातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. "मंडळाची वेबसाइट गेली म्हणं तुझी?"

"गेली. मी माझी नवी काढणार हाय. मंडळाबिंडळाची न्हाई."

"मग बस हितं आन् माझं नाव परत लिही. पयल्यासारखंच समदं. हसून बोलणारा पायजे, ते बी लिही." त्यांनी पदर सारखा केला आणि कीबोर्डकडे एकदा संशयानं पाहिलं. "आन् ह्या खेपेला पासवर्ड तुझा तू ठिव. महाराजाला न्हाई, अप्पाला न्हाई. मला बी सांगू नको."